सर्वेक्षण खात्याचा प्रमुख: फील्डवरचा हवा की मंत्रालयातला?

काळाकातळ यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. मी राज्य शासनाच्या एका भूविज्ञान कार्यालयात नोकरीला आहे. आमचे वरिष्ठ निवृत्त झाले आणि नवी नेमणूक होईपर्यंत विभागाचा कार्यभार माझ्याकडे आलाय. हाताखाली मोजके भूवैज्ञानिक, एक ड्रिलिंग युनिट आणि एक जीप. आतापर्यंत हातोडा आणि कंपास घेऊन फिरले, आता सह्या करते.

अडचण अशी. चुनखडीच्या एका ब्लॉकचं, म्हणजे खाणीसाठी आखलेल्या क्षेत्राचं, काम चालू आहे. बोअर लांब लांब घेतलेत, निम्म्या कोअरचं (बोअरमधून निघालेल्या खडकाच्या कांड्यांचं) विश्लेषण प्रयोगशाळेतून यायचंय. काल वरून फोन आला, "ब्लॉक लिलावाच्या यादीत टाकायचाय, साठा किती तो आकडा सकाळपर्यंत पाठवा." फील्डवरचा माझा सहकारी म्हणतो, मॅडम, आत्ता आकडा देऊ नका. तो माझ्याहून ज्युनिअर आहे, पण ते खडक त्याने पाहिलेत, मी नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्यालयात सध्या एकच चर्चा आहे. आमच्या खात्याचा प्रमुख भूवैज्ञानिक असावा की आयएएस? दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने बोलतात. ज्यांनी अशा संस्था जवळून पाहिल्यात त्यांनी कृपया लिहावं. प्रमुखाने नेमकं करायचं काय असतं?

मुरूममाती:

आयएएस हवा, विषय संपला. निधी आणणं, पदं भरणं, वनखात्याची परवानगी काढणं यातलं एकही काम दगड ओळखता येतो म्हणून होत नाही. शास्त्रज्ञांनी शास्त्र करावं.

देवलापारकर:

काळाकातळ, मी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या कार्यालयात गेली आणि हिवाळे तंबूत. तुमच्या प्रश्नाने मला लिहायला बसवलं, म्हणून जरा लांबेल.

आधी तातडीचं. सकाळी नुसता आकडा पाठवू नका, टिपण पाठवा. कामाची पातळी कुठली आहे ते पहिल्याच ओळीत लिहा. जी-4 म्हणजे नुसती टेहळणी, जी-3 म्हणजे प्राथमिक, जी-2 सर्वसाधारण आणि जी-1 सविस्तर समन्वेषण, हे तुम्हाला माहीतच आहे, पण फोन करणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. किती बोअर, त्यांच्यातलं अंतर किती, कोअर रिकव्हरी किती (म्हणजे खोदलेल्या लांबीपैकी कोअर किती हाती आली), किती नमुन्यांचं विश्लेषण बाकी, हे सगळं आकड्याच्या आधी आलं पाहिजे. साठा सांगायचाच असेल तर "अनुमानित" हा शब्द त्याच वाक्यात हवा, तळटीपेत नको. तळटीप वाटेत गळून पडते आणि आकडा एकटा मंत्रालयात पोचतो.

आणि शक्य असेल तर आजच त्या मुलाबरोबर जीप काढा आणि कोअर बघून या. आमचे एक डीडीजी (उपमहासंचालक) होते. कॅम्पवर आले की चहाच्या आधी कोअर बॉक्स उघडायला लावायचे. बादलीभर पाणी मागवून कोअरवर ओतायचे, कारण ओल्या कोअरवर थर आणि रंग स्पष्ट उमटतात. मग लेन्स डोळ्याला लावून एकेक रन, म्हणजे एका खेपेत काढलेली कोअर, बघत पुढे सरकायचे. प्रत्येक रनच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा असतो. दोन ठोकळ्यांमधलं अंतर तीन मीटर आणि मधे कोअर दोनच मीटर, असं दिसलं की थांबून विचारायचे, "हा एक मीटर गेला कुठे?" चुनखडीत हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गेलेल्या कोअरच्या जागी पोकळी असू शकते, मातीने भरलेली भेग असू शकते. कागदावर मात्र तिथेही अखंड दगड धरून टनांचा हिशेब होतो. शिवाय तुमच्याकडचा चुनखडक मधेच डोलोमाइटकडे (मॅग्नेशियमयुक्त खडकाकडे) झुकत असेल तर मॅग्नेशिया वाढते आणि सिमेंटवाला तो दगड घेत नाही. निम्मं विश्लेषण बाकी असताना हे कळणार कसं? तुमचा ज्युनिअर बरोबर बोलतोय.

आता मोठा प्रश्न. प्रमुखाने काय करायचं? माझ्या मते एकच गोष्ट सगळ्यात वर येते. सरकारला उत्तर लगेच हवं असतं आणि जमीन सावकाश कळते. या दोहोंच्या मधे प्रमुखाने उभं राहायचं असतं.

आमच्या संस्थेची सुरुवातच या ओढाताणीतून झाली. कंपनी सरकारला कोळसा हवा होता. त्यासाठी 1846 मध्ये डेव्हिड विल्यम्सला आणलं, तो 1848 मध्ये जंगलातल्या तापाने गेला. मग 1851 च्या मार्चमध्ये थॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला उतरला. त्याने आधी आयर्लंडचं सर्वेक्षण चालवलं होतं. सरकारची अपेक्षा अशी की इथे कोळसा आहे, तिथे नाही, एवढं त्याने सांगावं. त्याचा आग्रह होता की सुटे कोळशाचे पट्टे धुंडाळण्यापेक्षा देशाचा पद्धतशीर भूवैज्ञानिक नकाशा करत जायचं, कोळसा त्यातूनच कळेल. हा आग्रह त्याने पंचवीस वर्षं, 1876 मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडला नाही.

त्याचं फळ बघा. 1855 मध्ये त्याच्याकडे विल्यम आणि हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आले. त्यांना ओरिसातल्या तालचीरच्या कोळशावर पाठवलं. तिथे 1856 मध्ये त्यांना बारीक गाळात रुतलेल्या मोठमोठ्या धोंड्यांचा थर दिसला आणि हे धोंडे बर्फाने आणून टाकले असावेत असं त्यांनी मांडलं. ओरिसात बर्फ! कुठल्याही घाईतल्या साहेबाने म्हटलं असतं, तुम्हाला कोळशासाठी पाठवलंय, धोंडे कसले मोजता. पण ते छापलं गेलं. पुढे 1875 मध्ये आपल्या चंद्रपूर भागात, पैनगंगेकाठी इरईजवळ, त्याच थराखालच्या चुनखडकावर बर्फाने ओढलेले ओरखडेही नोंदले गेले.

आता याचा व्यवहारातला उपयोग. धोंड्यांच्या त्या थराला तालचीरच म्हणतात. आपल्याकडचा कोळसा तालचीरच्या वरच्या थरांत, मुख्यतः बराकर नावाच्या थरात असतो. वर्धा खोऱ्यात बोअर घेताना बराकर संपून हिरवट तालचीर लागला की आपण भोक थांबवतो, कारण खाली कोळसा मिळायचा नाही. दीडशेहून जास्त वर्षं हा थर ड्रिलरला "इथे थांब" म्हणून सांगतोय. त्या दोघांना धोंडे बघायला मोकळीक होती, म्हणून हे ज्ञान आपल्या हाती आहे. प्रमुखाचं काम म्हणजे ही मोकळीक राखणं.

प्रमुखाने दगड बघितलेला असावा का? माझं उत्तर हो. मी ज्या गावाचं नाव लावून इथे लिहितो ते देवलापार रामटेकच्या पुढे जबलपूर रस्त्यावर आहे. तिथल्या टेकड्यांत डब्ल्यू. डी. वेस्ट हिंडले आणि दूरवरून सरकत आलेली खडकांची अख्खी चादर इथे दुसऱ्या खडकांवर बसली आहे, असं त्यांनी 1936 मध्ये मांडलं. 1935 च्या क्वेट्टा भूकंपाची पाहणीही त्यांनी केली होती. हेच वेस्ट 1945 ते 1951 संस्थेचे प्रमुख होते, म्हणजे फाळणी आणि स्वातंत्र्य दोन्ही त्यांच्याच काळात. त्यांच्या आधीचे एक प्रमुख फर्मर यांनीही आपल्या सौंसर, छिंदवाडा, नागपूर पट्ट्यातल्या मँगनीजवर आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. अशा माणसासमोर कनिष्ठाने "सर, इथे दोन खडकांचा संपर्क दिसत नाही" म्हटलं तर त्याला समजावून सांगावं लागत नाही.

पण नुसता शास्त्रज्ञ असणं पुरेसं नाही, आणि हे मला मनापासून सांगायचंय. प्रमथनाथ बोस 1880 मध्ये सर्वेक्षणात लागले, श्रेणीबद्ध अधिकारी म्हणून पहिले भारतीय. राजहराच्या लोहखनिजाची नोंद त्यांची. 1903 मध्ये प्रमुखपद रिकामं झालं तेव्हा त्यांना डावलून टी. एच. हॉलंड यांना नेमलं. ते बोसांच्या दहा वर्षं नंतर लागलेले. बोसांनी राजीनामा दिला आणि मयूरभंज संस्थानात गेले. तिथे गोरुमहिसाणीच्या डोंगरात त्यांना लोखंड सापडलं आणि 24 फेब्रुवारी 1904 ला त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहिलं. टाटांचा कारखाना साकचीला (आजच्या जमशेदपूरला) आला त्यामागे ते पत्र आहे. हॉलंड काही सुमार माणूस नव्हता, चार्नोकाइट या खडकावरचं त्याचं काम आजही शिकवतात. तरी ती नेमणूक अन्यायाचीच होती आणि संस्थेने आपला उत्तम फील्ड जिओलॉजिस्ट गमावला. पहिले भारतीय प्रमुख, एम. एस. कृष्णन, यायला 1951 साल उजाडावं लागलं. आपली माणसं ओळखता न येणारा प्रमुख कितीही मोठा शास्त्रज्ञ असो, संस्थेचं नुकसानच करतो.

आणि आकड्याबद्दल शेवटचं. फेब्रुवारी 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर झाली. टीव्हीवर दिवसभर तेच. आमच्या संस्थेचे तेव्हाचे महासंचालक एम. श्रीधर यांनी सांगितलं की असा आकडा आमच्याकडून गेलेला नाही, आणि संस्थेने खुलासा काढला. धातुक (सोनं असलेला खडक) सुमारे 52,806 टन, टनामागे सरासरी 3.03 ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण साधारण 160 किलो. तुम्हीच गुणाकार करून बघा, जुळतो. देश आनंदात असताना प्रमुखाने पुढे येऊन 160 किलो म्हणायचं, याला धैर्य लागतं. आणि ते म्हणता आलं कारण 1998 ते 2000 या काळात कुणीतरी फील्डवर नमुने नीट घेऊन ठेवले होते.

विहीरमोजणी:

देवलापारकर सरांचं लेखन आवडलं, पण भूजलाच्या बाजूने थोडं वेगळं मांडते. आमच्या क्षेत्रात राज्यभर चार हजारांच्या आसपास निरीक्षण विहिरी आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा पातळी मोजली जाते. टेप खाली सोडायचा, ओला झालेला भाग बघायचा, नोंद करायची. दिसायला साधं काम, पण टंचाईचा अंदाज यावरच उभा असतो. आता भूजल यंत्रणेच्या शिखरावर आयएएस आयुक्त असतात आणि मला फरक जाणवतो तो एकाच ठिकाणी: जिल्हाधिकारी आमचा अहवाल वाचतात. पूर्वी "पुढल्या उन्हाळ्यात या तालुक्याला अडचण येणार" असं लिहिलेलं पत्र टपालात पडून राहायचं. शास्त्र बरोबर असून उपयोग काय, जर टँकर लागल्यावरच ते उघडलं जात असेल?

त्यामुळे माझा आग्रह असा की वर कुणीही असो, त्याच्या शेजारच्या खुर्चीत शास्त्रज्ञ हवा आणि त्या शास्त्रज्ञाची असहमती लेखी नोंदवली गेली पाहिजे.

दरडग्रस्त_रायगड:

मी भूवैज्ञानिक नाही, पोलादपूरकडचा शिक्षक आहे. 30 जुलै 2014 ला माळीण झालं, 2021 ला आमच्याजवळ तळिये, 2023 ला इर्शाळवाडी. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. मला प्रमुख कुठल्या सेवेतला आहे याच्याशी देणंघेणं नाही. डोंगराखालच्या वाडीवरचं पोर माझ्या वर्गात बसतं. ती वाडी तुमच्या नकाशात दिसते का, एवढं सांगा.

देवलापारकर:

गुरुजी, तुमचा प्रश्न या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा आहे. सरळ उत्तर देतो.

2014 नंतर देशभर दरडप्रवणतेचे जे नकाशे झाले ते 1:50,000 या प्रमाणावर. डोंगराळ भागातलं सुमारे 4.3 लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आलं. या प्रमाणात कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. दीडशे मीटर पसरलेली तुमची वाडी त्यात 3 मिलिमीटरची होते. तो नकाशा सांगतो की हा डोंगरउतार जास्त धोक्याचा, तो मध्यम. कुठल्या घरामागचा उतार सुटेल हे त्याच्याकडून कळणार नाही, त्यासाठी तो केलेलाच नाही. वाडीसाठी 1:10,000 किंवा त्याहून मोठ्या प्रमाणावर पायी काम करावं लागतं. मुरूम किती जाड, त्याखाली कातळ कुठे, पावसाळ्यात झरे कुठे फुटतात, उताराला भेगा पडल्यात का, घरासाठी किंवा रस्त्यासाठी पायथा कुठे कापलाय, हे जागेवर जाऊनच बघायचं असतं.

इथेच प्रमुखाची परीक्षा असते. माणसं ठरलेली, हंगाम ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत. ती माणसं लिलावाच्या ब्लॉकवर पाठवायची की सह्याद्रीच्या वाड्यांवर? 2015 नंतर खाणी लिलावाने द्यायला लागल्यापासून ब्लॉक तयार करून देण्याचा रेटा सगळ्याच सर्वेक्षण संस्थांवर वाढला. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, देशाला खनिजं हवीतच. पण ब्लॉकची मोजदाद वर्षअखेरीला टेबलात दिसते. न कोसळलेल्या घराची मोजदाद कुठल्याच टेबलात येत नाही. म्हणून दरडीच्या कामासाठी भांडायला प्रमुखच लागतो, दुसरं कुणी भांडत नाही.

आणि हे होऊ शकतं, याचा जुना दाखला आहे. 1893 मध्ये गढवालात गोहना इथे डोंगर कोसळून बिरही गंगा अडली, मोठा तलाव साठला. सर्वेक्षणाकडून पाहणीला गेले ते हेच हॉलंड. पाणी माथ्यावरून वाहू लागेपर्यंत बांध टिकेल, हा निष्कर्ष निघाला. इंजिनीअरांनी खालच्या खोऱ्यात तारयंत्राची लाइन टाकली, गावं हलवली. 1894 च्या ऑगस्टमध्ये बांध फुटला, गढवालातल्याच श्रीनगर शहराची वाताहत झाली, पण माणसं जवळपास सगळी वाचली. शास्त्रज्ञाने जागेवर जाऊन बघितलं आणि प्रशासनाने त्याचं ऐकलं. विहीरमोजणी ताई म्हणतात ते इथे तंतोतंत लागू पडतं, त्यांचा मुद्दा मला मान्य आहे.

गुरुजी, तुम्ही एक करू शकता. वाडीवरच्या जुन्या माणसांना विचारून गेल्या काही पावसाळ्यांत झरा कुठे सरकला, पाणी कधी गढूळ आलं, झाडं किंवा विजेचे खांब कुठे कलले, हे तारखांसह लिहून काढा आणि तहसील कार्यालयात पोच घेऊन द्या. पाहणीला येणाऱ्या भूवैज्ञानिकाला यापेक्षा मोलाचा कागद नसतो.

मुरूममाती:

गोहनाबद्दल ठाऊक नव्हतं. माझं पहिलं मत थोडं बदलतो. तरी एक विचारतो, महासंचालक पदावर माणूस टिकतो किती?

देवलापारकर:

बरेचदा वर्ष-दोन वर्षं. जिओलॉजिस्ट म्हणून लागायचं, मग सीनिअर, सुपरिंटेंडिंग, डायरेक्टर, डीडीजी, एडीजी (अतिरिक्त महासंचालक) अशा पायऱ्या चढत वर पोचेपर्यंत साठी समोर दिसायला लागते. ओल्डहॅमला पंचवीस वर्षं मिळाली. एका टोपोशीटचं (नकाशाच्या एका पानाचं) काम फील्ड, प्रयोगशाळा आणि अहवाल धरून सहज दोन हंगाम खातं, म्हणजे प्रमुखाने सुरू केलेलं काम त्याच्याच कारकिर्दीत क्वचितच संपतं. पदाला किमान ठरावीक मुदत द्यायला हवी असं माझं ठाम मत आहे, मग तो कुठल्याही सेवेतला असो.

काळाकातळ:

सगळ्यांचे आभार. काल दुपारीच सहकाऱ्याबरोबर ब्लॉकवर गेले. दोन बोअरमध्ये कोअर बरीच गेलेली आहे आणि त्याच्या वरखाली पिवळी चिकणमाती चिकटलेली दिसली. कोअरवर पाणी ओतल्यावर ती लगेच नजरेत भरली. सकाळी टिपण पाठवलं. पातळी जी-3, अनुमानित, बोअरमधलं अंतर, विश्लेषण किती बाकी, दोन बोअरमधली कमी रिकव्हरी आणि पोकळ्यांची शक्यता, हे सगळं पहिल्या परिच्छेदात. त्या दोन बोअरच्या मधे आणखी बोअर घ्यावेत, अशी शिफारस केली. निरीक्षण सहकाऱ्याचं होतं, म्हणून टिपणात त्याचं नाव घातलं आणि सही दोघांची केली.

वरून फोन आला, आवाजात नाराजी होती. नवे बोअर कधी संपतील एवढं विचारलं. मी म्हटलं, रिग (ड्रिलिंगचं यंत्र) मोकळी झाली की तीन आठवडे. ती रिग सध्या दुसऱ्या तालुक्यात अडकली आहे, ती सोडवायच्या मागे आहे.

देवलापारकर सर, एक विचारायचं राहिलं. रिकव्हरी कमी असलेल्या रनचं साठ्याच्या हिशेबात तुम्ही काय करत होतात? तेवढी लांबी सरळ वजा, की काही गुणक?

देवलापारकर:

कारण कळेपर्यंत लांबी वजा. पोकळी किंवा माती असल्याचा पुरावा मिळाला तर तो भाग साठ्यातून कायमचा बाहेर. ड्रिलिंगच्या चुकीने कोअर दळली गेली असेल तर ड्रिलरची वही काढा. त्या खोलीला ड्रिलिंगसाठी सोडलेलं पाणी परत वर येणं थांबलं होतं का, रॉड एकदम खाली गेला का, ते त्याने लिहिलेलं असतं. रॉड एकदम खाली गेला असेल तर पोकळीच समजा. नव्या बोअरच्या वेळी रन लहान ठेवायला सांगा, दीड मीटरच्या वर नको, आणि शक्यतो डबल ट्यूब बॅरल (दुहेरी नळी, आतली नळी कोअर जपते) वापरायला लावा. सहकाऱ्याचं नाव घातलंत, फार चांगलं केलंत.